गच्चीवरून यूएफओ मोजताना : एका मोजणीदाराची रीत

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री भाच्यानं १४ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगरावर एक नारिंगी ठिपका. आधी थांबलेला, मग तिरका पळालेला, मग नाहीसा. खाली मेसेज : ‘मामा, याचं इंजिन कसलं असेल? अँटिग्रॅव्हिटी?’

मी फोन लावला.

‘तू कुठं उभा होतास?’

‘पाथर्डी फाट्याच्या पुढं. गाडी बाजूला घेतली होती.’

‘डोंगराच्या माथ्यापासून किती बोटं वर होता?’

‘बोटं?’

‘वारा कुठून होता?’

‘मामा, तू पण ना!’

मी गेली ३१ वर्षं खासगी जमीन मोजणी करतो. साखळी आणि थिओडोलाईटवर शिकलो, आता टोटल स्टेशन वापरतो. बांधाच्या भांडणात दोन सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहून ‘बांध इथंच होता’ अशी देवाची शपथ घेतात. दोघंही खोटं बोलत नसतात आणि दोघंही दीड-दोन मीटरनं चुकलेले असतात. त्यामुळे आकाशात काही पाहिलं असं सांगणाऱ्यावर मी हसत नाही. त्याला फक्त आकडे विचारतो. यूएफओचं इंजिन कसलं असेल हा प्रश्न मलाही आवडतो, पण तो पाचवा-सहावा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे प्रश्न कसे सोडवायचे ते इथं लिहितो.

आधी कोन

डोळ्याला आकाशात अंतर दिसत नाही, फक्त कोन दिसतो. ‘चांगलं मोठं होतं, बसएवढं’ या वाक्याला काही अर्थ नाही. बसएवढं किती लांबून? चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो आणि हातभर लांब धरलेल्या करंगळीमागे सहज लपतो. ताणलेल्या हातावर करंगळीची रुंदी साधारण १ अंश, अंगठ्याची २, बंद मुठीची १०. मात्र हे सरासरी माप झालं, स्वतःचा हात एकदा तपासून घ्या. भिंतीवर १ मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि बरोबर ५ मीटर ७० सेंटिमीटर मागे जाऊन उभे राहा. त्या दोन खुणांमधला कोन आता १० अंशांचा आहे. मूठ त्यात बसते का बघा. माझी मूठ ९ अंशांचीच भरते, बायकोची बरोबर १०.

जरा नीट मोजायचं तर कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेवर शीतपेयाची नळी सेलोटेपनं चिकटवा. मधल्या भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधा. झाला ओळंबा. नळीतून दिव्याकडे बघा, दोरा लटकून स्थिर झाला की बोटानं दाबून धरा आणि वाचा. नळी आडवी असताना दोरा ९० वर असतो. ९० आणि आलेला आकडा यांतला फरक म्हणजे दिव्याची क्षितिजापासूनची उंची. दहा रुपयांत होणारं हे यंत्र अर्ध्या-एक अंशापर्यंत बरोबर सांगतं. माझा एक नट गच्चीवरून खालच्या स्कूटरवर पडलाय, तेव्हा गाठ नीट मारा.

दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर घेता येते, पण लोखंडी रेलिंगला टेकून घेऊ नका. त्यापेक्षा ‘पाण्याच्या टाकीच्या डाव्या कडेवर’ असं लिहून ठेवलेलं बरं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागी उभं राहून टाकीची दिशा निवांत घेता येते. वेळ मात्र सेकंदात हवी. मोबाईलवर व्हिडिओ चालू करून तोंडानं बोलत राहा : ‘आता टाकीवर, आता तारेला लागला.’ चित्र धूसर आलं तरी आवाजातला हिशोब राहतो.

अंतर नाही तर वेग नाही

भाच्याला डोंगराखाली परत उभं करून विचारलं तेव्हा ठिपका ४ सेकंदांत दोन मुठी सरकल्याचं निघालं. म्हणजे सेकंदाला ५ अंश. आता यातून वेग काढा. सूत्र सोपं आहे : अंतराला सेकंदाच्या अंशांनी गुणा आणि ५७ नं भागा. ठिपका १०० मीटरवर असेल तर वेग ताशी ३१ किलोमीटर. १ किलोमीटरवर असेल तर ताशी ३१४. १० किलोमीटरवर असेल तर ताशी ३,१४० किलोमीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या अडीचपट. तोच व्हिडिओ, तोच ठिपका. ताशी ३१ वाला उडता कागदी कंदील असतो, ३,१४० वाला दुसऱ्या दिवशीच्या बातमीत जातो. भाच्याचा कंदीलच होता असं मी म्हणत नाही. अंतर माहीत नाही, एवढंच म्हणतो. दिवाळीच्या रात्री होता हेही विसरत नाही.

हा विषय जिथून सुरू झाला तिथंही हेच आहे. २४ जून १९४७ ला अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू ओळीनं जाताना दिसल्या. गड्यानं एक गोष्ट फार चांगली केली. घड्याळ बघून रेनियर ते माउंट ॲडम्स हे अंतर त्या वस्तूंनी १०२ सेकंदांत कापल्याचं टिपलं. दोन शिखरांत साधारण ७५ किलोमीटर अंतर आहे, म्हणजे वेग आला ताशी अडीच हजार किलोमीटरच्या वर. तोवर ध्वनीचा वेगसुद्धा अजून ओलांडायचा होता. पण हा आकडा वस्तू खरोखर त्या शिखरांच्या रांगेत असतील तरच खरा. त्या अर्नोल्डच्या विमानाच्या जवळ असतील, तर वेग त्याच प्रमाणात खाली येतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी भगूरकडच्या एका शेतात काम संपवून ट्रायपॉड गुंडाळत होतो. अंधार पडला होता. देवळालीच्या बाजूला आकाशात एक पिवळा दिवा लागला आणि तसाच लटकत राहिला. मिनिटभरानं तो एका जागी विझला आणि त्याच क्षणी बराच डावीकडे दिसला. पुन्हा तेच. मी मनाशी २ किलोमीटर धरले, अर्धा सेकंद धरला आणि ताशी १४,४०० किलोमीटर वेग काढून दोन दिवस गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त सुभेदारांनी चहा पाजला आणि विचारलं, ‘साहेब, तोफखान्याच्या रेंजवर रात्रीचा सराव असतो, रोषणाईचे गोळे पाहिले नाहीत का कधी?’ तो गोळा हवेत फुटतो, त्यातून छत्रीला लटकलेला जळता दिवा निघतो आणि सावकाश खाली येतो. लांबून तो थांबलेलाच दिसतो. एक विझताना दुसरा पेटतो. काहीही उडी मारत नव्हतं. दोन वेगवेगळे दिवे मी एकच धरले होते. ही चूक लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

अंतर मिळवायचं तर माणसं दोन लागतात. म्हसरूळला माझी गच्ची, इंदिरानगरला मित्राची. दोन्हींमधलं सरळ अंतर, म्हणजे आमची बेसलाइन, साधारण ७ किलोमीटर. एका संध्याकाळी ईशान्येकडच्या आकाशात एक झगझगीत पांढरा दिवा हलत नव्हता. फोनवर बोलत दोघांनी एकाच क्षणी कोन घेतले. बेसलाइनपासून माझ्याकडं १२५ अंश, त्याच्याकडं ४०. त्रिकोणाचे १८० पुरे करायला दिव्यापाशी उरले १५. आता ७ गुणिले ४० ची साइन भागिले १५ ची साइन : १७.४ किलोमीटर. क्षितिजापासून उंची ३ अंश, म्हणजे जमिनीपासून साधारण ९०० मीटर. नकाशावर रेघ ओढली तर ती ओझरच्या विमानतळापाशी गेली. विमान उतरण्याआधी दिवे लावून सरळ तुमच्याकडं तोंड करून येत असेल तर मिनिट-दोन मिनिटं ते हलतच नाही, आणि वळलं की दिवा ‘क्षणात गायब’. कोनात २ अंशांची चूक झाली असती तर अंतर १५ ते २० किलोमीटरच्या मध्ये कुठंतरी आलं असतं. तरीही ओझरच. इतकी चूक परवडते. एकट्याने पाहून बांधलेला अंदाज परवडत नाही.

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकी नौदलाच्या ‘गो फास्ट’ या व्हिडिओचं. २०१५ चा. त्यात एक ठिपका समुद्राच्या पाण्यावरून सुसाट जाताना दिसतो, वैमानिक आनंदानं ओरडतात. पण पडद्यावर आकडे आहेत, आणि आकडे दिसले की आमच्यासारख्याचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडं जातो. विमान २५,००० फुटांवर, म्हणजे ७.६२ किलोमीटर. ठिपक्याचं तिरकं अंतर ४.४ नॉटिकल मैल, म्हणजे ८.१५ किलोमीटर. कॅमेरा क्षितिजाखाली २६ अंश झुकलेला. २६ ची साइन ०.४३८. गुणाकार ३.५७ किलोमीटर. ७.६२ मधून वजा केले की उरतात ४.०५ किलोमीटर, साधारण १३,३०० फूट. ठिपका पाण्यावर नाहीच, विमान आणि पाणी यांच्या अधेमधे कुठंतरी आहे. नासाच्या अभ्यासगटानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हाच हिशोब करून उंची १३,००० फूट आणि वेग ताशी ४० मैलांच्या आसपास काढला. त्या उंचीवरच्या वाऱ्याचा वेग. सुसाट जात होतं ते विमान. मनमाडच्या गाडीत खिडकीशी बसलं की जवळचे खांब मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तोच प्रकार.

वेगातून ताकद

अंतर चोख मिळालं आणि तरीही वेग विचित्रच राहिला, तर पुढची पायरी. इथून खरं भौतिकशास्त्र सुरू होतं.

सगळ्यात गाजलेली नोंद घेऊ. नोव्हेंबर २००४, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढं निमित्झ या विमानवाहू नौकेचा ताफा. डेव्हिड फ्रेव्हर या अनुभवी वैमानिकाला दिवसाउजेडी पंख नसलेली, पांढरी, ‘टिक टॅक’ या लांबट गोळीसारखी वस्तू दिसली, म्हणून तिला तेच नाव पडलं. ताफ्यातल्या प्रिन्स्टन या नौकेवरच्या रडार कर्मचाऱ्यानं नंतर सांगितलं, की अशी वस्तू २८,००० फुटांवरून समुद्रापर्यंत ०.७८ सेकंदात आली. रडारची मूळ नोंद लोकांसमोर आलेली नाही, म्हणून हा आकडा मी ‘सांगितलेला’ या रकान्यात ठेवतो, ‘मोजलेला’ या रकान्यात नाही. पण हिशोब करायला काय हरकत आहे?

उंची ८,५३४ मीटर. अर्धं अंतर वेग वाढवत आणि अर्धं ब्रेक लावत, असं धरा. त्यापेक्षा कमी त्वरणात हे अंतर इतक्या वेळात कापून थांबताच येत नाही. चौपट अंतर भागिले वेळेचा वर्ग. उत्तर येतं ५,७०० जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या ५,७०० पट. केविन कनूथ या भौतिकशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातही आकडा ५,००० जीच्या वरच आहे. ओझरची सुखोई ९ जीपर्यंत वळते आणि तेवढ्यात आतला माणूस घामाघूम होतो.

इथं बहुतेक लोक ‘अशक्य’ म्हणून वही बंद करतात. थांबा. देवळालीला १५५ मिलिमीटरची तोफ आहे. तिची नळी साधारण ६ मीटर लांब. गोळा तोंडातून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगानं निघतो. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर करा. सरासरी ५,४०० जी! म्हणजे टिक टॅकच्या पंक्तीला बसणारं त्वरण आपल्या गावाशेजारी सरावात रोज घडतं, आणि गोळ्याच्या नाकातला फ्यूजही ते सहन करून नेमक्या वेळी काम करतो. माणूस करणार नाही. तेव्हा नुसत्या ‘जी’च्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही आणि काही खोटंही ठरत नाही.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला, वेळेत. तोफेत हे त्वरण दीड शतांश सेकंद टिकतं, इथं ते पाऊण सेकंदाहून जास्त टिकायला हवं. त्यामुळे मधल्या क्षणी वेग होतो सेकंदाला २२ किलोमीटर. वस्तूचं वजन १ टन धरलं तर त्या क्षणी लागणारी शक्ती १,२३० गिगावॅट. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ६३० मेगावॅट. अशी साधारण १,९५० एकलहरं एका मारुती गाडीएवढ्या वस्तूत. आणि ती शक्ती वापरल्यावर उष्णता कुठं गेली? आजूबाजूचं पाणी उकळायला हवं होतं.

दुसरा फरक हवेत. चार-साडेचार किलोमीटर उंचीवर २२ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या वस्तूच्या तोंडावर हवेचा दाब येतो साधारण १,९०० वातावरणांइतका. १० चौरस मीटर तोंड धरलं तर हवेचा अडथळा त्वरणाला लागणाऱ्या बलाच्या तीसपट. आपण मघाशी काढलेली १,२३० गिगावॅटसुद्धा मग किरकोळ ठरते. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं एक अशनी आला. तो पुष्कळ मोठा होता, हे खरं. पण तो वरच्या विरळ हवेतच फुटला, सूर्यापेक्षा तेजस्वी दिसला, आणि शहरभर काचा फुटून सुमारे १,५०० माणसं जखमी झाली. निमित्झपाशी ना उजेड, ना धमाका. सुखोईनं ध्वनीचा वेग ओलांडला तेव्हा आमच्या तावदानांनी सगळ्या गल्लीला कळवलं होतं.

तेव्हा निवड अशी उरते. एक तर ती वस्तू हवेला शिवलीच नाही. किंवा रडारवर वरचा ठिपका मावळला, खालचा उगवला आणि दोन्ही एक धरले गेले. भगूरच्या शेतात मी धरले तसे. मूळ नोंद हातात नसताना मी दुसऱ्या शक्यतेकडं झुकतो. फ्रेव्हर यांनी डोळ्यांनी काय पाहिलं याचं उत्तर त्यातून मिळत नाही, हेही मान्य.

धक्का कुणाला बसला?

इंजिनाबद्दल कुणी काहीही सांगो, मी एवढंच विचारतो. तोफ गोळ्याला पुढं ढकलते तेव्हा स्वतः मागे सरकते. सुटका नाही. वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूनं कशाला तरी खाली ढकललेलं असतं. ते ‘कशाला तरी’ शोधायचं.

हवेला ढकलत असेल तर ते लपत नाही. नाशिक रोडला गांधीनगरच्या तळावरून उडणारी चीता हेलिकॉप्टरं बघा. पंख्याचा व्यास ११ मीटर, भरलेलं वजन १,९५० किलो. नुसतं तरंगायला कागदावर १७५ किलोवॅट पुरतात, प्रत्यक्षात बरेच जास्त. इतक्या कमीत भागतं कारण खूप हवा सावकाश ढकलली जाते. तरी खाली येणारा झोत सेकंदाला १८ मीटरपर्यंत जातो. म्हणून कुणी ‘झाडाच्या शेंड्यावर तरंगत होतं’ म्हणालं की विचारा : पाचोळा उडाला का? वाळत घातलेले कपडे हलले का? फ्रेव्हर यांनी खाली समुद्राच्या पाण्यात पांढरा खळखळाट पाहिल्याचं सांगितलं आहे. सबंध हकिकतीत मला तो तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणी विशेष बोलत नाही त्यावर.

‘उच्च दाबाच्या विजेवर चालणारी तबकडी’ हीसुद्धा हवाच ढकलते, फक्त पंख्याऐवजी विद्युतभारित कणांनी. हे खोटं नाही. एमआयटीच्या चमूनं २०१८ मध्ये ४०,००० व्होल्टवर चालणारं, एकही फिरता भाग नसलेलं विमान उडवलं. पंख ५ मीटर, वजन अडीच किलोच्या आत-बाहेर, उड्डाण बंद हॉलमध्ये ६० मीटर. शांत, सुंदर, आणि सावकाश. समुद्राच्या पाण्यात हेच काम चुंबक आणि विजेनं करणारी ‘यामातो-१’ ही बोट जपाननं १९९२ मध्ये चालवली. तीही ताशी १५ किलोमीटरच्या आसपास.

पृथ्वीच्या चुंबकत्वावर रेलून तरंगणं ही लोकांची फार आवडती कल्पना. आपल्याकडं ते क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. १० मीटर लांब तारेनं १ टन उचलायचं तर अडीच कोटी अँपियर प्रवाह हवा. तोही आणला समजा. पण प्रवाहाला परत यायला तार लागते, आणि परतीच्या तारेवर तेवढंच बल उलट्या दिशेनं. जमाखर्च शून्य. मोजणीच्या होकायंत्राची सुई आयुष्यभर पाहिलीय मी. ती वळते. डबीतून सरकत नाही.

काहीच न ढकलता नुसता प्रकाश खाली सोडला तर? चालतं. प्रकाशालाही धक्का असतो, पण १ न्यूटनला ३०० मेगावॅट लागतात. १ न्यूटन म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम द्राक्षांचं वजन. द्राक्षांचा एक लहान घोस हवेत धरायला निम्मं एकलहरं.

मग उरतात ‘कुणालाच न ढकलणारी’ इंजिनं. एमड्राइव्ह नावाचा तांब्याचा बंद शंकू आठवत असेल. आत मायक्रोवेव्ह सोडल्या की तो एका बाजूला रेटतो, असा दावा. नासाच्या एका गटानं २०१६ मध्ये वाटाण्याच्या वजनाहूनही कमी असा रेटा मोजल्याचं छापलं आणि जगभर गाजावाजा झाला. ड्रेस्डेनला मार्टिन टायमार यांच्या चमूनं तोच प्रयोग जास्त काळजीनं केला. शंकूत शक्ती जाऊ दिली नाही तरी रेटा दिसतच राहिला! म्हणजे तो शंकूचा नव्हताच. जोडतारांतल्या प्रवाहावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची ओढ, आणि तापून प्रसरण पावणारा स्टँड. आमच्या धंद्यात ट्रॅव्हर्स क्लोज झाला नाही, सुरुवातीच्या खुणेवर परत येताना ३० सेंटिमीटरचा फरक पडला, तर जमीन वाढली असं कुणी म्हणत नाही. कोन परत घेतात.

शेवटची गोष्ट मात्र माझ्या वहीत खोडलेली नाही. १९९४ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल अल्कुबिएरे यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून ‘वार्प ड्राइव्ह’ची एक रचना काढली. यानाच्या पुढची जागाच आकसते, मागची पसरते, आणि यान मधल्या फुग्यात निवांत असतं. आतल्या माणसाला एकही जी जाणवत नाही, कारण तो फुग्याबरोबर मुक्तपणे जात असतो. ५,७०० जीचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. कागदावर. पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, साध्या पदार्थाच्या उलट वागणारी, आणि तीही ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या हिशेबात. प्रयोगशाळेत तिच्याशी दूरचं नातं सांगणारा कॅसिमिर परिणाम दिसतो, दोन पत्र्यांमधल्या केसाहून बारीक फटीत. कुणी यूएफओला ‘वार्प ड्राइव्ह’ म्हणालं की मी त्याला खोटा ठरवत नाही, फक्त ऋण ऊर्जेची पावती मागतो.

काटकोनी वळणं, त्रिकोणी यानं

यावर जास्त वेळ घालवू नका. हातात धरलेल्या मोबाईलवर झूम वाढवलं की हाताची थरथर ठिपक्याची कसरत बनते. व्हिडिओत ठिपक्याबरोबर एखादा खांब किंवा छपराची कड असेल तरच वळणावर बोलावं. फोकस सुटलेला तारा भिंगाच्या पडद्याच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या, आकाराचा दिसतो. पडदा त्रिकोणी तर यान त्रिकोणी. पश्चिमेला संध्याकाळी न हलणारा तेजस्वी दिवा असेल तर आधी त्या महिन्यात शुक्र कुठं आहे ते पंचांगात बघा. आणि २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी राज्यात खूप ठिकाणी दिसलेली जळत्या ठिपक्यांची रांग म्हणजे चिनी रॉकेटचे परतणारे तुकडे. एक मोठं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात पडलं. सावकाश, क्षितिजाला जवळजवळ समांतर, मिनिटभर दिसणारं असेल तर बहुधा असलंच काही.

अमेरिकी हवाई दलानं १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमवल्या आणि त्यातल्या ७०१ ला उत्तर मिळालं नाही. त्या ७०१ वर लोक भांडत बसतात. मला त्या कागदांवर किती ठिकाणी दोन जागांहून घेतलेले कोन होते, ते बघायला आवडेल.

सराव

हात बसवायला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक वापरा. ते नाशिकवरून कधी जाणार हे मोबाईलवर मिळतं. ८० अंशांहून उंच जाणारी फेरी निवडा. डोक्यावर असताना तीन मुठी, म्हणजे ३० अंश, सरकायला किती सेकंद लागले ते मोजा. अंतर ४१० किलोमीटर धरा. अंतर गुणिले ३०, भागिले ५७, भागिले सेकंद. उत्तर सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या जवळ यायला हवं. जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं आणि निरभ्र आकाशात मध्येच विझतं, तेही बघून ठेवा. कधी ना कधी कुणीतरी तुम्हाला हेच ‘गायब झालं’ म्हणून सांगणार आहे.

पहिल्या वेळी माझं उत्तर ९.३ आलं. कितीतरी वेळ घड्याळाला दोष देत बसलो. मग लक्षात आलं, मूठ १० अंशांची धरली होती आणि माझी आहे ९ ची. २७ घालून केलं तर ८.४. दुसऱ्या फेरीला भाचा आला होता, नळी-दोऱ्याचा कोनमापक स्वतः बनवून. त्याचं आलं ७.२.